स्विंटनचं १९०४ चं पुस्तक एनसीसीच्या पोरांना शिकवायचं का, आणि आपली प्रेसी तशी लिहायची कशी

प्रश्न नवी मुंबईतल्या एका कॉलेजात एनसीसी बघणाऱ्या सरांचा आहे. थोडक्यात असा की अर्नेस्ट स्विंटन नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने १९०४ साली लिहिलेलं ‘डिफेन्स ऑफ डफर्स ड्रिफ्ट’ हे छोटंसं पुस्तक त्यांच्या हाती पडलं, एका बैठकीत वाचून झालं, आवडलंही, पण आता डोक्यात आलंय की बैलगाड्या, तंबू आणि बोअर युद्धाच्या काळातलं हे प्रकरण आजच्या पोरांसमोर ठेवण्यात काही अर्थ आहे का. आणि असेल तर आपल्या फील्डक्राफ्टच्या (लपणं, जमीन वाचणं वगैरे) प्रेसी, म्हणजे धड्यांची लेखी टिपणं, त्या धर्तीवर लिहिता येतील का, कारण सध्याच्या प्रेसी वाचताना अर्धा वर्ग जांभया देतो.

हो, ठेवा. नक्की ठेवा. फक्त त्यातले २२ धडे फळ्यावर उतरवून पाठ करून घ्यायचा विचार असेल तर मात्र राहू दे, कारण मग ते पुस्तक पण तुमच्या जांभईवाल्या प्रेसीतलंच एक होऊन बसेल. मी पायदळात होतो, त्यातला बराचसा काळ शिकवण्यात गेला, आता ठाण्यात पाचपाखाडीत राहतो आणि सोसायट्यांचे वॉचमन, कंपन्यांचे फायर वॉर्डन, कधीमधी तुमच्यासारख्यांचे कॅडेट यांना शिकवतो. तेव्हा जे लिहितोय ते वर्गात काय चालतं आणि काय आपटतं ते बघून.

आधी माणूस कोण ते बघू. स्विंटन जन्मला १८६८ साली, आपल्याकडे बंगलोरला. रॉयल इंजिनियर्समधला अधिकारी, १८९९ ते १९०२ च्या बोअर युद्धात दक्षिण आफ्रिकेत होता आणि तिथे रेल्वे आणि पुलांच्या कामात होता. त्या युद्धाची पार्श्वभूमी लक्षात ठेवा, नाहीतर पुस्तकातली कळकळ कळत नाही. डिसेंबर १८९९ च्या एका आठवड्यात ब्रिटिशांनी स्टॉर्मबर्ग, मॅगर्सफोंटेन आणि कोलेन्सो अशा तीन ठिकाणी मार खाल्ला, जगातलं सगळ्यात मोठं साम्राज्य आणि समोर कोण तर बोअर, म्हणजे तिथे स्थायिक झालेले डच वंशाचे शेतकरी. पण त्या शेतकऱ्यांकडे माउझर रायफली होत्या, धूर न होणारी दारू होती, म्हणजे गोळी कुठून आली ते दिसायचंच नाही, आणि जमीन त्यांच्या घरची. ब्रिटिश लेफ्टनंट मात्र कसा तयार झालेला, तर पुस्तकातला नायक स्वतःच म्हणतो की मला वॉटर्लू किंवा सेदानची लढाई लढायला दिली असती तर चाललं असतं, ती मी घोकून परीक्षेला लिहिलीये, पण पन्नास माणसं घेऊन नदीचा एक उतार, म्हणजे पाण्यातून पलीकडे जायची जागा, राखायचा हे काही मला कुणी शिकवलं नाही.

हे वाक्य मला फार आवडतं, कारण आजही तेच चालू आहे. तुमच्या कॅडेटला ब्रिगेडमध्ये किती बटालियन हे तोंडपाठ असतं आणि दहा पोरं घेऊन कॉलेजच्या गेटवर उभं राहा म्हटलं की तो गोंधळतो, कुठे उभं राहू सर म्हणून तुमच्याच तोंडाकडे बघतो.

पुस्तकाची मांडणी अशी. लेफ्टनंट बॅकसाइट फोरथॉट, हे लेखकाने घेतलेलं टोपणनाव पण आणि नायकाचं नाव पण, दिवसभराच्या प्रवासानंतर दाबून जेवतो आणि झोपतो आणि त्याला सहा स्वप्नं पडतात. प्रत्येक स्वप्नात काम तेच, पन्नास माणसं घेऊन नदीचा उतार राखायचा. प्रत्येक स्वप्नात तो हरतो, शेवटचं सोडून. आणि यातली खरी मेख अशी की एका स्वप्नातून दुसऱ्यात जाताना त्याला शिकलेले धडे आठवतात पण ती जागा अजिबात आठवत नाही. जागा प्रत्येक वेळी कोरी, नव्याने बघायची. हे कळलं की पुस्तक कसं शिकवतं ते कळतं, स्विंटन पोराला उत्तर पाठ करूच देत नाही, दर वेळी जमीन वाचायला लावतो.

पहिल्या स्वप्नात साहेब काय करतात बघा. शत्रू लांब आहे म्हणतात, मग खंदक उद्या खणू. तंबू मात्र एका ओळीत, सुंदर. जवळच्या शेतावरचा म्हातारा लोणी-अंडी विकायला येतो, गोड बोलतो, खिशात वरिष्ठांचा पास, त्याला आणि त्याच्या पोरांना सगळी छावणी फिरून बघू देतात. रात्री पहारेकरी शेकोटीच्या उजेडात उभे आणि दर अर्ध्या तासाने ओरडतात, सब ठीक है. पहाटे गोळ्या तंबूतून आरपार. ह्यातून चार धडे निघतात आणि ते चारही धडे पोरांना मी न सांगता पोरंच सांगतात, गोष्ट संपायच्या आत हात वर. पास बघून भुलू नका हा धडा तर मी घोडबंदर रोडवरच्या एका मोठ्या कॉम्प्लेक्सच्या वॉचमन लोकांना शिकवताना वापरला होता, तिथे डिलिव्हरीचा टी-शर्ट घातला की माणूस कुठल्याही विंगमध्ये जाऊ शकायचा, टी-शर्ट हाच पास. बोअर म्हाताऱ्याची गोष्ट सांगितल्यावर त्यांच्यातलाच एक जण म्हणाला, साहेब हा तर आमच्या गेटवर रोज येतो.

दुसऱ्या स्वप्नापासून पुस्तक खरं रंगायला लागतं, आणि बहुतेक शिकवणारे इथेच गचकतात. नायक आता शहाणा झालाय, उतरल्याबरोबर खंदक खणतो. आणि तरी हरतो. का, तर उताराला अगदी चिकटून बसलाय आणि शत्रू समोरूनच येणार असं धरून चाललाय. पुढे असंच चालू राहतं, सरळ खंदक खणला तर शत्रू बाजूला येऊन त्याच्या लांबीच्या रेषेत गोळ्या घालतो, ज्याला आपण एनफिलेड फायर म्हणतो, एक गोळी चुकली तर पुढच्याला लागते. समोरून आडोसा केला तर मागून मारतात. उपसलेली ताजी माती लांबून वेगळ्या रंगाची दिसते. उंच जागा धरावी म्हणून टेकडीच्या माथ्यावर जाऊन बसला तर गोल टेकडीचा पायथाच वरून दिसत नाही, डेड ग्राउंड, आणि ज्या उतारासाठी आलो तो खाली शत्रू आरामात वापरतोय. ही एक गोष्ट पोरांना पुस्तकात कळत नाही, त्यांना बेलापूरच्या पारसिक हिलवर घेऊन जा, वर उभं करा आणि विचारा की खाली पायथ्याला उभा असलेला तुझा मित्र दिसतोय का. नाही दिसत. पाच मिनिटांचं काम आहे, आयुष्यभर विसरत नाहीत.

आता नीट बघा काय झालं. लगेच खणा, हा पहिल्या स्वप्नातला धडा बरोबरच होता. पण तो पाळून माणूस पुन्हा मेला. उंचावर जा, हे तर प्रत्येक प्रेसीत असतं, ते पाळून पुन्हा हरला. म्हणजे या पुस्तकात नियम मोडल्याने माणूस एकदाच हरतो, पहिल्या स्वप्नात, त्यानंतर प्रत्येक वेळी तो नियम पाळूनच हरतो, कारण मागच्या पराभवाचं औषध तो या वेळच्या दुखण्याला लावत असतो. आमच्या वेळी ज्या इन्स्ट्रक्टर लोकांना सगळे उस्ताद म्हणून मानायचे ते सगळे हे जाणून होते, लिहिलेलं कुणी नव्हतं. तुम्ही २२ धड्यांची यादी करून वाटलीत की हे सगळं उडून जातं, कारण यादीत प्रत्येक नियम तितकाच खरा दिसतो, कुठला नियम कुठे फसतो ते यादी सांगत नाही.

शेवटच्या स्वप्नात तो काय करतो, तर आधी स्वतः चालत शत्रूच्या बाजूला जाऊन आपली जागा तिकडून कशी दिसते ते बघतो. मग नदीच्याच काठात, झाडोऱ्याआड, न दिसणारे खंदक, समोरची झुडपं साफ, आणि बाजूच्या टेकडीचाही विचार केलेला. टिकतो, मदत पोचेपर्यंत. पण हे उत्तर म्हणून कधी शिकवू नका. नदीच्या पात्रात लपा असा नियम घेऊन पोरगं घरी गेलं तर सगळंच मुसळ केरात.

तुमच्या प्रेसीबद्दल. आपली लेसन प्लॅनची चौकट तुम्हाला माहितीच आहे, कामठीच्या एनसीसी ट्रेनिंग अकॅडमीत तुमच्याकडून ती घासून घेतलीच असेल. शुरू शुरू का काम, दोहराई, पहुंच, उद्देश्य, सामान, भागों में बांट, मग धडा, मग संक्षेप. मी या चौकटीच्या विरोधात नाही, उलट ज्याला शिकवता येत नाही त्याच्याकडूनसुद्धा ही चौकट बरं शिकवून घेते, आणि सैन्याला दर वर्षी हजारोंना शिकवायचं असतं, सगळे काही जन्मजात मास्तर नसतात. घोटाळा होतो तो ‘पहुंच’मध्ये. पहुंच म्हणजे हा धडा का शिकायचा ते पोराला पटवायचं, आणि तिथे वर्षानुवर्षं एकच वाक्य चालू आहे, लढाईत एक चांगल्या जवानाला अमुक अमुक येणं अत्यंत जरुरी आहे. अमुकच्या जागी नकाशा टाका, अंतराचा अंदाज टाका, छलावरण म्हणजे कॅमफ्लाज टाका, वाक्य तेच. पोरं ऐकतसुद्धा नाहीत. चौकट तशीच ठेवा आणि फक्त या एका जागी एक पराभव टाका, दहा ओळींचा, कुणी तरी काही तरी केलं आणि त्याचं काय झालं. बस. बाकीची प्रेसी आपोआप जिवंत होते.

पराभव कुठून आणायचा, तर लढाई कशाला पाहिजे. तुमचे कॅडेट विसर्जनाला ड्युटी करतातच ना, कृत्रिम तलावावर, पोलीस आणि महापालिकेच्या लोकांना मदत म्हणून. तेच घ्या. खाली मी जसं लिहीन तसं लिहून दाखवतो, नायक तुमचाच सिनिअर अंडर ऑफिसर, म्हणजे कॅडेटांमधला सगळ्यात वरचा.

पहिलं स्वप्न. वीस कॅडेट, एक कृत्रिम तलाव, गौरी-गणपतीची संध्याकाळ. आम्ही पाचला पोचलो, गर्दी नव्हती, म्हणून आधी फोटो काढले. मग तलावाभोवती सारख्या अंतरावर एकेक कॅडेट उभा केला, दिसायला एकदम छान, तोंडं सगळ्यांची तलावाकडे. आठ वाजता एकदम लोंढा आला. डोक्यावर पाट आणि पाटावर मूर्ती घेऊन येणारे आणि रिकामा पाट काखेत मारून परत जाणारे, दोघांना वाट एकच, तीन माणसं मावतील एवढी. एका आजोबांच्या हातातून मूर्ती निसटली. आमचे कॅडेट पाठ करून उभे होते, आवाज आल्यावर वळले. धडा, येणाऱ्यांची वाट आणि जाणाऱ्यांची वाट गर्दी यायच्या आधी वेगळी करा. दुसरा धडा, तलाव पळून जाणार नाही, तोंड माणसांकडे ठेवा.

दुसरं स्वप्न. नव्या तलावावर गेलो, हे दोन धडे पाठ होते. दोर बांधले, इकडून आत तिकडून बाहेर, सगळे कॅडेट दोराच्या आत, माणसांकडे तोंड करून. आत सगळं छान चाललं, आम्ही खूश. नऊला बाहेर रस्त्यावर आरडाओरडा, कारण आत जायची रांग वळसा घेऊन थेट रस्त्यावर गेली होती, एनएमएमटीची बस आणि ढोल-ताशावाला टेम्पो समोरासमोर आणि मध्ये रांगेतली बायका-पोरं. आतून रांगेचं शेपूट दिसतच नव्हतं. धडा, तलाव राखायचा म्हणजे तलावावरच बसायचं असं नाही, त्रास जिथे सुरू होतो तिथे माणूस पाहिजे.

आता हा धडा स्विंटनचाच आहे बरं का, उतार राखायचा म्हणजे उतारावर बसलंच पाहिजे असं नाही, लांबवर मारणारी रायफल हातात आहे तर जागा निवडा, असं तो म्हणतो. बोअर युद्धातली गोष्ट सांगून हा मुद्दा पोराच्या डोक्यात शिरायला जेवढा वेळ लागतो त्याच्या पावपट वेळात विसर्जनाने शिरतो, आणि मग बोअर युद्ध सांगितलं की म्हणतात, अरे हे तर सेम आहे.

तिसरं स्वप्न. दोर होते, रस्त्याच्या वळणावर चार कॅडेट होते, शेपटावर दोन होते, शिट्ट्या होत्या. वीसचे वीस जण पाच वाजल्यापासून उभे. साडेदहाला जनरेटर गेला, अंधार, आणि हाताशी एकही मोकळा कॅडेट नाही, आणि जे होते त्यांचे पाय गेलेले, चार जणांनी दुपारपासून काही खाल्लेलं नव्हतं. धडा, सगळे एकदम कामाला लावले म्हणजे काम जास्त होतं असं नाही, चार जण बसवून ठेवा आणि त्यांना बसल्याबद्दल बोलणी खाऊ देऊ नका.

उरलेली तीन तुमच्या पोरांनी लिहायची, त्यांनी प्रत्यक्षात बघितलेलंच लिहायचं, कल्पनेतलं नाही. कल्पनेतला पराभव लगेच ओळखू येतो, त्यात नायक फार मूर्ख असतो. स्विंटनचा नायक मूर्ख नाहीये, तो मेहनती आहे, शिस्तीचा आहे, आणि म्हणूनच वाचणाऱ्याला तो आपल्यासारखा वाटतो आणि बोचतं.

कुणी म्हणेल की ही साहेबाची पद्धत आपल्याला कशाला. तर त्याला चिपळूणजवळच्या छावणीतल्या लोकांना शिवाजी महाराजांनी पाठवलेलं पत्र दाखवा, जुमलेदार, हवालदार, कारकून अशा लोकांना, स्विंटनच्या सव्वादोनशे वर्षं आधीचं. शाळेत आपल्याला त्यातलं रयतेवर जुलूम करू नका एवढंच सांगतात. मी ते पत्र ट्रेनिंगवाल्याच्या नजरेने वाचलं तेव्हा थक्क झालो. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि गवत आत्ताच उधळलंत तर पुढे काय होईल ते पायरी पायरीने लिहिलंय, दाणा संपेल, घोडी उपाशी मरतील, म्हणजे ती तुम्हीच मारली असं होईल, मग तुम्ही कुणब्याकडून दाणा, भाकर, गवत, लाकूड उचलायला लागाल, मग तो म्हणेल की तुमच्यापेक्षा मोगल बरे. आणि आगीबद्दल तर कमाल. कुणी आगट्या पेटवील, कुणी भलत्या जागी चूल मांडील, कुणी तंबाखूसाठी विस्तव नेईल, गवत पडलंय, वारा सुटलाय हे ध्यानात घेणार नाही. रात्री दिवा चालू ठेवाल आणि उंदीर जळती वात पळवून नेईल. गवत पेटेल, आणि मग कुणाच्या माना मारल्या तरी पुन्हा निवारा बांधायला एक लाकूड मिळणार नाही.

उंदराचं बघा. आग लावू नका असं एक वाक्य लिहून भागलं असतं, आजचा कुठलाही सर्क्युलर असाच असतो, ज्वलनशील पदार्थांजवळ उघडी ज्योत वापरू नये. पण राज्याचा मालक उंदरापर्यंत जातो, कारण छावणीत राहिलेल्या माणसाला माहितीये की आग जाणूनबुजून कुणी लावत नाही, ती अशीच लागते. तळोज्याच्या आणि टीटीसीच्या एमआयडीसीत केमिकल कंपन्यांच्या वॉर्डनना मी हे पत्र वाचून दाखवतो आणि मग विचारतो की तुमच्या प्लांटमधला उंदीर कोण. हात वर होतात. कुणी सांगतं गोडाऊनच्या मागे सिगरेट ओढणारा ट्रकचा क्लीनर, कुणी सांगतं रात्रपाळीत पाणी तापवायला लावलेला कॉइल. शिकवायला मला काही उरतच नाही.

परत स्विंटनकडे. त्याचं पुढचं आयुष्य सांगितल्याशिवाय गोष्ट पुरी होत नाही आणि प्रेसी लिहिणाऱ्याने ते माहीत करूनच घ्यावं. १९१४ ला युद्ध सुरू झालं तेव्हा सरकारने त्याला फ्रान्सला पाठवलं, वर्तमानपत्रांसाठी अधिकृत वार्ताहर म्हणून, ‘आयविटनेस’ या नावाने लिहायचा. तिथे काटेरी तारा आणि मशिनगन बघून त्याच्या डोक्यात आलं की शेतात चालणाऱ्या साखळीपट्ट्याच्या होल्ट ट्रॅक्टरला चिलखत घातलं तर. रणगाडा जन्माला घालणाऱ्या मोजक्या लोकांत तो आहे, एकटा नाही, पण आहे. फेब्रुवारी १९१६ मध्ये, म्हणजे रणगाडा लढाईत उतरायच्या आधी, त्याने तो कसा वापरायचा याची टिपणं लिहिली. त्यातला मुख्य मुद्दा साधा, थोडे थोडे करून वापरू नका, पुरेसे जमू द्या आणि एकदम मोठ्या संख्येने सोडा, कारण पहिल्यांदा शत्रू दचकेल तो एकदाच. वरच्यांनी काय केलं, १५ सप्टेंबर १९१६ ला सॉमच्या लढाईत पन्नासच्याही आत रणगाडे होते, ते तसेच विखरून सोडले, कित्येक वाटेतच बंद पडले. त्या वर्षाअखेर स्विंटनला रणगाड्यांच्या कामावरून बाजूलाही केलं. पुढे तो ऑक्सफर्डला लष्करी इतिहासाचा प्राध्यापक झाला, १९५१ ला वारला, आणि डफर्स ड्रिफ्ट मात्र आजही अमेरिकन सैन्यात छापलं आणि वाचलं जातं, त्याच्या नकलासुद्धा निघाल्यात.

यातून मी घेतो ते असं की चांगली प्रेसी लिहिली म्हणजे ती पाळली जाईल असं काही नाही, आणि त्याबद्दल रडत बसण्यात पॉइंट नाही. पण त्याहून कामाची गोष्ट वेगळी आहे. याच माणसाने रणगाड्यात बसणाऱ्या पोरांसाठीसुद्धा लिहिलं, आणि तिथे गोष्ट नाही, स्वप्न नाही, विनोद नाही. छोटी छोटी वाक्यं, दोन-तीन शब्दांची, नेम खाली धरा, वेळ घालवू नका अशा धर्तीची. कारण रणगाड्यात आवाज आहे, धूर आहे, गरम आहे, तिथे कोण स्वप्न वाचणार. म्हणजे त्याला नेमकं कळत होतं की गोष्ट वर्गात आणि कार्ड हातात. आपल्याकडे उलटं होतं, वर्गात कार्ड वाचून दाखवतात आणि ड्युटीच्या दिवशी सकाळी चार पानांचं भाषण देतात. विसर्जनाच्या ड्युटीला पोराच्या खिशात जो कागद जाईल तो एकाच बाजूचा असावा आणि अंधारात मोबाइलच्या उजेडात वाचता यावा, घामाने भिजेल म्हणून लॅमिनेट करा. त्यावर पाच-सहा ओळी. रुग्णवाहिका कुठे उभी आहे, हरवलेलं पोर कुणाकडे न्यायचं, तुझ्या जागी तुला सोडवायला कोण आणि किती वाजता.

एक गोष्ट मात्र पुस्तक शिकवताना गाळायची नाही आणि गोडही करायची नाही. स्विंटनचा नायक शिकत शिकत इथपर्यंत येतो की आजूबाजूच्या शेतातली सगळी माणसं, बायकापोरांसकट, ताब्यात आणा म्हणजे बातमी बाहेर जाणार नाही, आणि स्थानिक आफ्रिकन लोकांना धरून त्यांच्याकडून खंदक खणून घ्या. पुस्तकात हे फार हसतखेळत येतं. प्रत्यक्षात त्याच युद्धात ब्रिटिशांनी शेतं जाळली, बायकापोरांना छावण्यांत डांबलं आणि त्या छावण्यांत सव्वीस हजारांच्या वर बोअर बायकामुलं मेली, आफ्रिकन लोकही हजारोंनी मेले. मी हे पोरांना सांगतो, तिथेच, तो धडा येतो त्याच वेळी, आणि पुढे जातो. प्रवचन देत नाही. कुणी कॅडेट विचारतोच की मग हा माणूस चांगला की वाईट, त्याला म्हणतो की तुला जमीन वाचायला शिकवतोय ते शीक, माणसं कशी वागवायची ते त्याच्याकडून शिकू नको, ते चिपळूणच्या पत्रातून शीक.

कुणी बेडन-पॉवेलचं नाव काढेल, तेही खरं आहे. त्याचं ‘एड्स टू स्काउटिंग’ १८९९ मध्ये सैनिकांसाठी निघालं, त्यातला बराच अनुभव भारतात स्वतःच्या ब्रिटिश घोडदळाच्या पोरांना छोट्या गटांत शिकवताना घेतलेला, आणि इंग्लंडमध्ये शाळकरी पोरं आणि मास्तर लोक ते वाचायला लागले म्हणून १९०८ मध्ये ‘स्काउटिंग फॉर बॉइज’ आलं. ज्युनिअर डिव्हिजनच्या आठवी-नववीच्या पोरांना तो जास्त चालेल, त्यात खेळ आहेत. कॉलेजच्या पोरांना स्विंटन.

आता वर्गात प्रत्यक्ष कसं घ्यायचं. सगळं पुस्तक वाचून दाखवू नका, इंग्रजी जुनं आहे, पोरं अडकतात. तुम्ही मराठीत सांगा, एका परेडला एक स्वप्न. ग्राउंडच्या कोपऱ्यात सँड मॉडेल करा, नदीला निळी रांगोळी, झाडीला हिरवा रंगवलेला भुसा, टेकडीला खरोखरची माती आणि ती गोलच करा, टोकदार नको, नाहीतर डेड ग्राउंड दिसत नाही. स्वप्न सुरू करायच्या आधी पन्नास काड्या एका कॅडेटच्या हातात द्या आणि म्हणा, लाव. तो लावेल. बाकीच्यांना शत्रू करा आणि त्यांना जमिनीवर पोटावर झोपून, डोळा मातीच्या पातळीला आणून बघू द्या की काड्या दिसतात का. युनिफॉर्म मळतो म्हणून कुरकुर होईल, होऊ दे. उभं राहून सँड मॉडेल बघणारा माणूस विमानातून बघत असतो, त्याला सगळंच दिसतं आणि म्हणून काहीच कळत नाही, ही आमच्याकडच्या ऑफिसर लोकांची पण जुनी खोड. काड्या कुठे फसल्या ते त्या शत्रूंनीच सांगायचं, तुम्ही नाही, आणि धडा ज्या पोराने शोधला त्याच्या शब्दात वहीत जायचा, भाषा बेंगरूळ असली तरी. तुमचा पीआय, म्हणजे सैन्यातून आलेला कायमचा इन्स्ट्रक्टर, हवालदार असेल त्याला आधी विश्वासात घ्या, कारण परेडमध्ये पोरं झोपलेली बघून तो आधी खवळेल.

आणि विसर्जनाची सहा स्वप्नं लिहून झाली की ती प्रिन्सिपॉलना किंवा बटालियनला दाखवायच्या आधी फर्स्ट इयरच्या अशा एका कॅडेटला द्या जो कधी ड्युटीला गेलेला नाही. त्याला मोठ्याने वाचायला लावा आणि वाचता वाचता वीस काड्या मांडायला लावा. तो जिथे थांबून वर बघेल तिथे तुमची प्रेसी चुकलेली आहे, त्याचं डोकं नाही, ती ओळ तिथल्या तिथे बदला. हे रिफ्रेशमेंटच्या आधी उरकून घ्या, समोसे आले की मग कुणी थांबत नाही.